काकांचा मामा

आमच्या सोसायटीत राजकारणावरून भांडण होत नाही. कोण काय बोलणार हे सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे त्यात चव उरलेली नाही. क्रिकेटवरून होत नाही, कारण जामठ्याच्या मॅचची तिकिटं कोणालाच मिळत नाहीत आणि त्या दुःखात सगळे एक आहेत. पाण्याच्या टाकीवरून होतं, पण ते उन्हाळ्यापुरतं. बाराही महिने, जीव ओतून, जे भांडण चालतं ते एकाच गोष्टीवरून: मराठी कशात टाइप करायचं.

बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. आमच्याकडे आलेले एक पाहुणे म्हणाले, "फोन काढायचा अन् टाइप करायचं. त्यात काय एवढं?" हे ते खालच्या बाकावर बसून म्हणाले, चारचौघांत. तिथून त्यांना सोडवून वर जेवायला आणेपर्यंत वरण गार झालं होतं. तोवर त्यांच्या फोनमध्ये तऱ्हेतऱ्हेचे कळफलक बसवून झाले होते, आणि त्यांनी घरी पाठवलेला "सुखरूप पोचलो" हा निरोप त्यांच्या बायकोला अजून वाचता आलेला नाही.

यंदा आमच्या गणेशोत्सवाला पन्नास वर्षं होतात म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि मला संपादक केलं. माझ्या लेखनगुणांमुळे नव्हे. सोसायटीत ज्याला ज्याला टाइप करता येतं त्याचा कुठला तरी पक्ष आहे. मी उजव्या हाताच्या एका बोटाने, हरवलेली किल्ली शोधावी तसं एकेक अक्षर शोधत टाइप करतो. त्यामुळे मी निःपक्षपाती ठरलो.

अध्यक्ष अण्णांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर जाहीर केलं, "सर्वांनी आपापले लेख टाइप करून पाठवावे." अण्णांना स्वतःला स्मरणिकेतून एकच गोष्ट हवी होती: पहिल्या पानावर फोटो. फोटो टाइप करावा लागत नाही, म्हणून ते निर्धास्त होते. त्यावर कोणीतरी विचारलं, "कशात?"

एवढा एकच शब्द. सकाळी उठून पाहतो तर गट ओसंडून वाहत होता. मधूनमधून गुलाबाची फुलं आणि "शुभ सकाळ" येत होतं, कारण भांडण असलं तरी संस्कार सुटत नाहीत.

पक्षांची ओळख करून देतो.

पहिले स्टेनोकाका. केंद्र सरकारच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर हिंदी रेमिंग्टनवर हात चालला, मराठीही त्याच वळणावर. गोदरेजने १९५५ साली पहिला देशी टाइपरायटर काढला, आणि त्याच घराण्यातलं एक यंत्र काकांच्या दिवाणखान्यात भरतकामाच्या रुमालाखाली विराजमान आहे. २०११ मध्ये टाइपरायटरचा कारखाना बंद झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा काकांनी ते कात्रण लॅमिनेट करून यंत्राशेजारी ठेवलं. काकांचं म्हणणं असं की वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, हाच निसर्गनियम आहे. "कागदावर डावीकडून उजवीकडे जातो ना आपण? मग ऱ्हस्व वेलांटी डावीकडं आहे तर आधी तीच येईन ना! अक्षर मारून मग मागं वेलांटी लावता तुम्ही लोकं. उलटे धंदे."

दुसरे डीटीपीवाले भाऊ. नव्वदच्या दशकात सीताबर्डीवर त्यांचं डीटीपी सेंटर होतं. लग्नपत्रिका, प्रचाराची पत्रकं, हिवाळी अधिवेशनात मोर्चांची निवेदनं. डिसेंबरात अर्धं मंत्रालय नागपुरात उतरायचं आणि उरलेलं अर्धं भाऊंच्या दुकानात बसायचं, असं ते सांगतात. त्या काळी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशी पॅकेजं विकत घ्यायची तर सोबत एक डोंगल यायचं. संगणकाच्या पाठीमागे ते खोचलं तरच मराठी उमटणार, नाहीतर नाही. भाऊ ते डोंगल रात्री दुकानात ठेवत नसत. घरी आणत, लॉकरमध्ये वहिनींच्या पाटल्यांशेजारी ठेवत. एका पाडव्याला पूजा पाटल्यांची झाली नाही, डोंगलची झाली. वहिनींनी ते अजून मनात ठेवलं आहे.

तिसरे कलेक्टर ऑफिसातले साहेब. यांचा पक्ष इन्स्क्रिप्ट. ही मांडणी १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. साहेबांच्या बोलण्यात ती संविधानाच्या लगेच नंतर येते. "एकदा इन्स्क्रिप्ट शिकलं की बंगाली, गुजराती, तेलुगू, सगळ्याचा क एकाच कळीवर!" साहेब सांगतात.

"पण साहेब, तुम्ही तेलुगूत काय टाइप करता?"

"करत नाही. करता येतं."

चौथा मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणारा पोरगा. घरूनच काम करतो, त्यामुळे मिहान कुठे आहे हे त्याला नकाशावर दाखवता येतं. याच्याकडे लिनक्स आहे, आणि असा कळफलक आहे की त्याचा खडखडाट तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतो. कळांवर काहीच छापलेलं नाही. "शोभेसाठी?" मी विचारलं. "नाही काका, फोकससाठी." त्याने मराठीसाठी स्वतःची मांडणी स्वतः तयार केली आहे. ती जगात फक्त त्याला येते, आणि तीही परवा त्याने बदलली असल्याने सध्या त्यालाही येत नाही.

पाचव्या निवृत्त मराठीच्या बाई. त्यांचा टाइप करण्याशी संबंध नाही, पण फॉन्टशी आहे. "हा ल मराठी नाही," हे त्यांचं वाक्य. शासनाने निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीचा ठरवला आहे, तरी संगणक उघडला की दांडीचा ल समोर येतो याचा त्यांना मनस्ताप होतो. एकदा त्यांनी मंगल फॉन्टला "हिंदीवाल्यांचं काम" म्हटलं. तेव्हा मिहानवाला म्हणाला, "बाई, मंगल र. कृ. जोशींनी केला. मराठी माणूस. सुलेखनकार होते, कवी होते." बाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "कवी होते ना? मग दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केलं असतं त्यांनी." बाईंचा कवींवर विश्वास आहे.

आणि सचिव वहिनी. त्या फोनवर इंग्रजी अक्षरांत "आई" लिहितात, फोन त्याची मराठी "आई" करतो. सोसायटीच्या सगळ्या सूचना, पावत्या, श्रद्धांजल्या त्याच लिहितात. त्यांना कोणी पक्ष मानत नाही, कारण त्या भांडत नाहीत.

संपादक म्हणून माझी भूमिका समजूतदारपणाची होती. पण माझं ते एक बोट सगळ्यांच्या डोळ्यांत खुपू लागलं. बाकीची नऊ बोटं म्हणजे न विकलेला प्लॉट, असं मानून जो तो ताबा घ्यायला येऊ लागला. साहेबांनी इन्स्क्रिप्ट चालू करून दिलं आणि कळांवर चिकटवायला अक्षरांच्या पट्ट्या आणल्या. काकांनी त्या पट्ट्यांवर रेमिंग्टनच्या पट्ट्या चिकटवल्या. भाऊंनी जुनी सीडी आणली, सीडी घालायला फट नाही म्हणून माझ्या लॅपटॉपचा अपमान केला आणि पेन ड्राइव्हमधून फॉन्ट ओतले. मिहानवाल्याने "काका, हे सगळं कचरा आहे" म्हणत सगळ्यांच्या वर आपली मांडणी बसवली. नागपूरच्या मे महिन्यात कळांवरचा गोंद वितळतो. दोन दिवसांत च माझ्या अंगठ्याला चिकटला आणि ळ पोळीवर निघाला.

मग पासवर्ड. यंत्र सुरू करताना पडद्यावर नुसते ठिपके दिसतात. माझा पासवर्ड इंग्रजी, पण यंत्र त्या वेळी कुठल्या तरी पक्षात होतं. मी माझ्या समजुतीने इंग्रजी टाइप करत होतो, यंत्र त्याच्या समजुतीने मराठी ऐकत होतं, आणि ठिपके दोघांनाही सारखेच होते. शेवटी मुलगी कॉलेजातून आल्यावर तिने एक कळ दाबली. कोणती, ते तिने सांगितलं नाही. म्हणाली, "बाबा, तुम्हाला कळलं तर तुम्ही पण गटावर लिहिणार."

गटावर लिहिणारे भरपूर होते. लांब निरोप नीट वाचले तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. आपलं हत्यार चांगलं का, हे कोणीच लिहिलं नव्हतं. आपल्याला ते शिकताना किती त्रास झाला, हे लिहिलं होतं. स्टेनोकाका पहाटे महालातून सायकलने टायपिंगच्या क्लासला जात. मास्तर बोटांवर पट्टी मारत, आणि मास्तर नसले तर मास्तरांचा भाऊ मारे. डीटीपीवाल्या भाऊंनी पॅकेजसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. पॅकेज बाजारातून हद्दपार झालं, कर्ज मात्र नंतरही चालू होतं. साहेबांना चाळिशी उलटल्यावर मिनिटाला ३० शब्दांची मराठी परीक्षा द्यावी लागली, नाहीतर वेतनवाढ अडत होती. शेजारच्या खुर्चीवर त्यांच्या मुलाच्या वयाची पोरगी फडाफड टाइप करत होती आणि तिने साहेबांना विचारलं होतं, "अंकल, तुम्ही कोणाला सोडायला आले?" ही जखम इन्स्क्रिप्टने भरून काढली. आता त्यांच्यासमोर कोणी म्हटलं की फोनवर बोललं तरी आपोआप टाइप होतं, तर साहेबांनी ऐकून घ्यावं कसं? मग त्या परीक्षेचं काय?

बोलून टाइप करणारा सोसायटीत एकच आहे, अण्णांचा नातू. त्याला काही शिकावं लागलं नाही, म्हणून त्याला काही म्हणायचंही नाही. अण्णांनी त्याला "अध्यक्षांचे मनोगत" सांगितलं, त्याने फोनला सांगितलं, आणि फोनने लिहिलं, "अध्यक्षांचे मन ओकत." पुढे नैवेद्याच्या यादीत अण्णा म्हणाले होते, "सांबारवडीत सांबार जास्त टाकजो." नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर हे फोनला ठाऊक नव्हतं. त्याने "संसार जास्त टाक जो" असं लिहून काढलं. नातवाने ते तसंच पाठवलं. सगळ्या पक्षांनी मिळून त्याच्यावर हल्ला चढवला. पोरगा खेळायला निघून गेला. ज्याने हत्याराला मोल दिलं नाही त्याच्याशी भांडण तरी कसं करणार?

मिहानवाल्याचं म्हणणं होतं की आपण सगळे मागासलेले आहोत, कारण हे भांडण जगात फार वरच्या पातळीवर चालतं. त्याने आम्हाला बाकावर बसवून सांगितलं की प्रोग्रॅम लिहिण्याची दोन हत्यारं आहेत, व्हीआय आणि ईमॅक्स, दोन्ही १९७६ सालची, आणि तेव्हापासून दोन्हींचे भक्त एकमेकांवर तुटून पडतात. ईमॅक्सवाले रिचर्ड स्टॉलमन तर डोक्यामागे संगणकाच्या जुन्या तबकडीचं वलय लावून, झगा घालून, आपल्या संपादकाच्या संप्रदायाचे संत म्हणून भाषणांत उभे राहतात. व्हीआय वापरणं पाप आहे का, असं विचारलं तर म्हणतात, पाप नव्हे, प्रायश्चित्त आहे.

"म्हणजे गमतीने म्हणतात," मी म्हणालो.

"ते गमतीने म्हणतात. ऐकणारे गंभीर असतात," पोरगा म्हणाला. तो ईमॅक्सवाला आहे.

त्याने आणखी एक किस्सा सांगितला. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या गलिव्हरच्या पुस्तकात अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की लहान, यावरून दोन देशांत युद्ध होतं. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने तीच नावं उचलून एक निबंध लिहिला. संगणकाने आकड्याचा कोणता तुकडा आधी ठेवायचा, मोठ्या टोकाचा की लहान, यावर अभियंते असेच लढत होते. कोहेनचं सांगणं इतकंच की क्रम कोणताही असो, एकमत होणं जास्त महत्त्वाचं.

स्टेनोकाका म्हणाले, "आम्ही शाकाहारी. आमच्यात हा प्रश्नच येत नाही."

साहेबांनी मात्र मान डोलावली. "अगदी बरोबर बोलला तो माणूस. एकमत पाहिजे. म्हणून सगळ्यांनी इन्स्क्रिप्ट घ्यावं."

"अन् तुमच्या इंग्रजी कळफलकाचं काय मग?" काकांनी पोराला पकडलं. पोराने कबूल केलं की तो शोल्सच्या १८७८ च्या पेटंटमधला आहे, १९३६ मध्ये ड्वोरॅक यांनी त्याहून सोपी मांडणी काढली, पण जगाने ती घेतली नाही. काकांचा चेहरा फुलला. "अमेरिकेनं बदलला नाही ना? मग मीच काहून बदलू?"

एकमेकांची हत्यारं हाताळल्याशिवाय एकमेकांबद्दल आदर वाटणार नाही, असं मला वाटत होतं. तोही प्रयोग झाला. स्टेनोकाकांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आला. अभिनंदनाचा फलक साहेबांनी सोसायटीच्या संगणकावर करायचा ठरला. त्या संगणकावर आदल्या दिवशी काका बसून गेले होते आणि जाताना रेमिंग्टन चालू ठेवून गेले होते. साहेब खरे टंकलेखक आहेत, ते पडद्याकडे पाहत नाहीत, समोरच्या कागदाकडे पाहतात. पाहत राहिले, मारत राहिले, प्रिंट काढली, फ्रेमही करून आणली.

इन्स्क्रिप्टमध्ये क जिथे आहे तिथे रेमिंग्टनमध्ये काना आहे. इन्स्क्रिप्टमध्ये काना जिथे आहे तिथे रेमिंग्टनमध्ये म. साहेबांनी "काका" मारलं. फ्रेममध्ये उमटलं, "ामाम." पहिला काना कोणाच्या लक्षात आला नाही. सगळ्यांना "मामा" दिसलं. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला भर सभेत मामा बनवलं, म्हणून काकांच्या घरच्यांनी केक कापू दिला नाही.

काकांनी वचपा काढला तो साहेबांच्याच यंत्रावर. पण तिथे इन्स्क्रिप्ट होतं. काकांनी रेमिंग्टनच्या हाताने "काका" मारलं, तर "्क्क" असं उमटलं. अण्णा म्हणाले, "हे वाचायचं कसं?" कोणीतरी वाचून दाखवलं, तर सचिव वहिनी पाणी घेऊन धावत आल्या.

भाऊंच्या फाइलीची गत निराळी. जुन्या फॉन्टांत आतून इंग्रजी अक्षरं असत आणि वरून मराठीचा वेश. क्रुती देवमध्ये लिहिलेला "मराठी" हा शब्द, फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की इंग्रजीत "ई जे के बी एच" असा दिसतो. भाऊंनी मंडळाच्या पहिल्या गणपतीवर लेख पाठवला. माझ्या लॅपटॉपला तो फॉन्ट ओळखता आला नाही, आणि पडद्यावर पानंच्या पानं असं काही आलं की अण्णांना वाटलं भाऊंना कोणी धमकी पाठवली. "तुमच्या यंत्रात दोष आहे," भाऊ म्हणाले. "माझ्या यंत्रावर व्यवस्थित दिसतं." त्यांचं यंत्र बंद आहे. पण चालू होतं तेव्हा दिसत होतं.

इतकं असूनही खरा तमाशा ऱ्या या अक्षराने केला. आमच्या जुन्या हिशोबांत "दुसऱ्या वर्षाचा ताळेबंद" शोधायचा होता. शोधपट्टीत "दुसऱ्या" टाकलं, यंत्र म्हणालं, सापडलं नाही. खजिनदार घामाघूम झाले. दुसऱ्या वर्षाचे पैसे कुठे गेले, यावर गटात कुजबुज सुरू झाली. मिहानवाल्याने पाहिलं आणि सांगितलं की "ऱ्या" दोन रीतींनी लिहिता येतो, दिसायला हुबेहूब, आतून वेगवेगळा. लिहिणाऱ्याने एक रीत वापरली, शोधणाऱ्याने दुसरी. खजिनदारांची अब्रू वाचली. पण दोन रीतींपैकी खरी कोणती, यावर त्याच रात्री गटात दोन तट पडले आणि एक जण गट सोडून गेला. सकाळी अण्णांनी त्याला परत घेतलं. त्याने परत आल्या आल्या लिहिलं, "माझं मत तेच आहे," आणि पुन्हा गेला.

अखेर अण्णांनी फर्मान काढलं. स्पर्धा घ्या. एकाच परिच्छेदाचं टंकलेखन, ज्याचं त्याचं हत्यार, जो जिंकेल त्याच्या पद्धतीत स्मरणिका. तर्री पोहे ठेवले, त्यामुळे सभागृह भरलं. बाहेर ४५ अंश, आत एक कूलर. पण कूलरमध्ये वाळ्याच्या ताट्या लावायच्या की गवताच्या, हा वाद मिटला नसल्याने ताट्याच लावलेल्या नव्हत्या, आणि कूलर गरम वारा जोरात फेकत होता.

शिट्टी वाजली. भाऊंनी घरून दुसरा जुना संगणक आणला होता, तो सुरू व्हायला लागला. साहेबांचा हात वाऱ्यासारखा चालला. काकांच्या टाइपरायटरची खट्खट् सुरू झाली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी घंटा वाजली की टाळ्या पडायच्या. मिहानवाला बोटं मोडत म्हणाला, "एक मिनिट, जरा सेटिंग करून घेतो."

आणि वीज गेली.

साहेबांचा पडदा काळा. भाऊंचा संगणक सुरू होता होता पुन्हा पहिल्यापासून. अंधारात एकच आवाज चालू राहिला, खट्खट्, खट्खट्, घंटा. सभागृह उभं राहिलं. बाई म्हणाल्या, "याला म्हणतात तपश्चर्या." वीज आली तेव्हा काका पान संपवून हात जोडून उभे होते. अण्णांनी पान उपसून वर धरलं. पानावर एकही अक्षर नव्हतं. फीत केव्हाच वाळून गेली होती. कागदावर सगळा परिच्छेद खड्ड्यांच्या रूपाने उमटला होता, बिनचूक. बोट फिरवून वाचता येत होता.

लॅपटॉप बॅटरीवर असल्याने मिहानवाल्याला वीज गेल्याचं कळलंच नाही. त्याचं सेटिंग अजून चालू होतं. त्यानेही एक अक्षर टाइप केलेलं नव्हतं.

घरी आल्यावर फोन पाहिला. सचिव वहिनींनी तो परिच्छेद केव्हाच फोनवर लिहून गटावर टाकला होता. सोबत बाकीचे लेखही टाइप करून टाकले होते, कारण तारीख जवळ येत होती. कोणी वाचलं नव्हतं. रोजच्या भांडणाला कंटाळून सगळ्यांनी गटाचा आवाज बंद करून ठेवला होता.

निकाल काही लागला नाही. मग प्रत्येकाने आपापल्या पद्धतीत मजकूर दिला आणि आम्ही सगळे मिळून महालातल्या एका छापखान्यात गेलो, ऑपरेटरला काय चालतं ते त्याच्याच तोंडून ऐकायला. प्रत्येकाला खात्री होती की व्यवसायातला माणूस आपलंच नाव घेईल.

ऑपरेटर पन्नाशीचा. अरुंद खोली, एक खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर जुना संगणक, त्यात पेजमेकर. आमचं सगळं ऐकून घेतलं, युनिकोड, जुने फॉन्ट, ऱ्याच्या दोन रीती. मग म्हणाला, "कशातही द्या ना भाऊ. फक्त प्रिंट काढून द्या. मी कागद समोर ठेवून पुन्हा मारतो."

"सगळं? पहिल्यापासून?"

"हव. फाइल दुरुस्त करत बसण्यापेक्षा लवकर होते."

खोलीत शांतता पसरली. इतक्या महिन्यांचं रणकंदन या माणसाने एका वाक्यात रद्दीत काढलं होतं. पण ती शांतता टिकली नाही, कारण साहेबांनी विचारलं, "तुम्ही स्वतः कोणत्या मांडणीवर मारता?"

त्याने खांदे उडवले. "शिकलो ते मारतो."

सगळ्यांनी कळफलकावर वाकून पाहिलं. वर्षानुवर्षं मारून मारून त्याच्या कळा गुळगुळीत झाल्या होत्या. एकाही कळीवर अक्षर उरलं नव्हतं. मिहानवाल्याने असाच कळफलक जास्तीचे पैसे मोजून घेतला होता. तो हळूच म्हणाला, "काका, केवढ्याला घेतला?"

ऑपरेटरने मारायला सुरुवात केली. "पाहा, वेलांटी आधी मारली," काका कुजबुजले. "रेमिंग्टन आहे." "छे, उजव्या हाताने व्यंजन मारलं, इन्स्क्रिप्ट," साहेब म्हणाले. "तो डाव्या करंगळीनं काय दाबून राहिला ते पाहा, ते फक्त माझ्या पॅकेजमध्ये होतं," भाऊ म्हणाले. बाई पडद्यात डोकं घालून ल शोधत होत्या. मी मधे पडायला गेलो तर काकांनी मलाच विचारलं, "तुम्ही संपादक आहात, तुम्हीच सांगा, आत्ता कोणतं बोट हललं?" साहेब खुर्चीच्या डावीकडून वाकले, काका उजवीकडून, भाऊ पाठीमागून, आणि अण्णा आपला फोटो पहिल्या पानावर बसला की नाही हे पाहायला सगळ्यांच्या वरून.

ऑपरेटरचे हात थांबले. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"काका, भाऊ, साहेब," तो म्हणाला, "तुमचं चालू द्या. फक्त बाहेर उभं राहून करा. उजेड अडून राहिला ना."